रखवालदार बोलत नाही

सोमवार, २ मार्च

मोठा घोळ करून बसलेय आणि कुणाला सांगायची सोय नाही. निदान इथे तरी लिहावं.

आज दुपारी चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, म्हटलं पाहुण्यांचे फोन उरकून घेऊ. मेळावा याच महिन्याच्या शेवटच्या शनिवार-रविवारी आहे. 'अखेरचा दीपस्तंभ' या आमच्या लाडक्या जुन्या मालिकेत रखवालदाराचं काम केलेले गृहस्थ यंदा पहिल्यांदाच येणार, असं मी जानेवारीतच सगळ्या चाहत्यांना कळवून टाकलं होतं. फोन त्यांच्या बायकोने उचलला.

"ते नाही येणार हो. त्या रखवालदाराचं हेल्मेट नुसतं दिसलं तरी त्यांना मळमळतं. हल्ली मधमाश्या पाळतात, तर तिथलीसुद्धा जाळी घालत नाहीत तोंडावर."

"पण ते हो म्हणाले होते मला!"

"'हो' नाही म्हणाले. 'बघू' म्हणाले. मी शेजारीच बसले होते."

बघू म्हणजे नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मला कळलं नाही, कारण कळून घ्यायचं नव्हतं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय.

लोकांची माफी मागून मोकळी झाले असते. ती लाज सोसवली असती. प्रश्न टाचणीचा आहे. टाचणी म्हणजे माझी शाळेतली मैत्रीण. तेव्हा टाचणीसारखी बारीक होती, बोचायचीही तशीच. मी ढब्बू. हे चाहता मंडळ आम्ही दोघींनी तिच्या स्वयंपाकघरात सुरू केलं आणि त्याचं वार्तापत्र आजवर तीच काढते. जानेवारीत ती घरी आली होती. "मला जरा तुझ्याशी बोलायचंय," म्हणाली. मी म्हटलं, "थांब, आधी माझं ऐक!" आणि रखवालदार येणार असल्याची बातमी दिली. ती खुर्चीत बसलीच. डोळे भरून आले तिचे. मग म्हणाली, "असं असेल तर माझं राहू दे."

तिची आई गेली त्यानंतर ही मालिका आणि हा मेळावा, एवढ्यावरच ती उभी आहे. तिला कुठल्या तोंडाने सांगू?

शुक्रवार, ६ मार्च

अजून सांगितलेलं नाही. आज तिच्याकडे प्रश्नमंजुषेचे प्रश्न काढायला गेले होते, आज सांगायचंच असं ठरवून. गेल्यावर पाहिलं तर बिचारीचं लक्षच ठिकाणावर नव्हतं. उल्कापाताचा भाग कितवा, हे तिला आठवेना! हिला एके काळी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. मग आम्ही तो भाग लावला, तर अर्ध्यात तिचा डोळा लागला. दुःख माणसाला असं आतून थकवतं. हल्ली तिने पोहण्याचा वर्गसुद्धा लावलाय, या वयात. घरात एकटीला करमत नसणार.

निघताना दारात म्हणाली, "तुला कधी वाटत नाही गं, की पुष्कळ झालं?"

मी म्हटलं, "काय पुष्कळ झालं? अजून खुर्च्यांचं ठरायचंय, पडद्याचं ठरायचंय."

ती हसली. मी घाबरून निघून आले. इतक्या थकलेल्या माणसाला आणखी एक धक्का द्यायचा तर काळीज दगडाचं पाहिजे.

शनिवार, ७ मार्च

सुचलंय. सुचायला नको होतं, पण सुचलंय.

रखवालदार कधीच हेल्मेट काढत नाही. अंतराळातल्या एका ओसाड खडकावर तो एकटा दिवा सांभाळतो, येणाऱ्या-जाणाऱ्या यानांना वाट दाखवतो आणि पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत एक अक्षर बोलत नाही. डाव्या मुठीने हेल्मेटवर दोनदा टकटक करतो, तेवढंच त्याचं बोलणं. त्याचा चेहरा आजवर कुणी पाहिलेला नाही. आणि त्याचा पोशाख माझ्याच घरात आहे. मीच शिवलाय, मूळ मापाबरहुकूम. दर वर्षी मेळाव्यात तो लाकडी सांगाड्यावर उभा करतो. यंदा सांगाड्याऐवजी आत माणूस असेल, एवढाच फरक.

माणूस उंच हवा, सडपातळ हवा, आणि तोंड बंद ठेवणारा हवा.

मान वर करून पाहिलं. खिडकीपाशी बाबा बसले होते.

बाबांचं सलून होतं. हात थरथरायला लागले, एकदा एका गिऱ्हाइकाच्या कानाला कात्री लागली, आणि त्याच संध्याकाळी बाबांनी दुकानाची पाटी उतरवली. तेव्हापासून ते खिडकीपाशी बसतात. जेवायला वाढलं, हं. बिनसाखरेचा चहा आणला, हं. जगात आग लागली, हं.

मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "बोलायचं नाही?"

"अजिबात नाही."

"मग जमेल."

मला वाटलं होतं रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

रविवार, १५ मार्च

सगळ्यांना कळवलं: रखवालदार संपूर्ण पोशाखात येतील, पोशाखातच जातील, बोलणार नाहीत, सही देणार नाहीत. त्यांची तशी अट आहे. मला वाटलं होतं लोक कुरकुरतील. छे! धन्य धन्य चाललंय. "याला म्हणतात खरा कलावंत," असं एकाने लिहिलंय. वाचताना माझे कान तापले.

बाबांची तालीम घेतेय. टकटक उजव्या हाताने करायचे, ती सवय मोडली. चाल जमली. हातमोजे जाड आहेत, थरथर दिसत नाही. एकच खोड जाईना. फोटोचा सराव म्हणून मी शेजारी उभी राहिले, की ते दोन बोटं माझ्या कानशिलाला लावतात, एक हनुवटीखाली, आणि डोकं सरळ करतात. जन्मभर खुर्चीमागे उभं राहून तेच केलं ना. मी ओरडले, "रखवालदार असं करत नाही, बाबा!" त्यांनी हेल्मेट हलवलं. पुढच्या फोटोला पुन्हा दोन बोटं.

ओरडायला नको होतं. एक तर फुकट राबवतेय आणि वर तोरा.

रविवार, २२ मार्च

टाचणी मेळाव्याच्या पाट्या घेऊन आली. बाबा खिडकीपाशी. आत जाऊन त्यांच्या पाया पडली, तब्येत विचारली. मग मला म्हणाली, "काकांना आण ना या वेळी मेळाव्याला. तेवढीच माणसं दिसतील त्यांना."

"त्यांना गर्दी सोसत नाही," मी म्हटलं. बाबांच्या समोर. त्यांच्याच तोंडावर.

बाबा खिडकीबाहेर बघत होते. टाचणी म्हणाली, "सलूनमध्ये काय कमी गर्दी असायची?" मी विषय बदलून पाट्यांच्या रंगावर घसरले.

ती म्हणाली, "इतकी धावपळ करतेस. तुला इतकं हवंय का हे?" मी म्हटलं, "वेडी आहेस का? हवंय म्हणजे काय!" आता तिच्यासाठी चाललंय हे तिलाच कसं सांगणार?

समितीने ठरवलंय, रविवारी टाचणीला रखवालदारासोबत पाच मिनिटं एकांतात द्यायची. इतकी वर्षं वार्तापत्र काढल्याबद्दलचा मान. सूचना खजिनदाराची, टाळ्या सगळ्यांच्या. मीही वाजवल्या. टाचणी मात्र जमिनीकडे बघत होती. भारावली असणार.

शुक्रवार, २७ मार्च

सभागृह सजलं. कापडी तारे छताला, दिव्याचा मनोरा मधोमध, पुठ्ठ्याचा आहे पण दिवा खरोखर फिरतो. रखवालदाराच्या विश्रांतीसाठी व्यायामाच्या चटया ठेवायची खोली मिळालीय. पोशाख काढायला नि चढवायला फार वेळ लागतो, म्हणून बाबांना सांगून ठेवलंय, उद्या सकाळपासून पाणी पिऊ नका. "हं," म्हणाले. हे मी माझ्या वडिलांना सांगितलं. लिहिलं की किती वाईट दिसतं.

शनिवार, २८ मार्च

दिवस पार पडला. कुणाला काही कळलं नाही.

दार उघडण्याआधीच रांग लागली होती. चांदीचे कपडे घातलेली माणसं, एक जण तर स्वतःच दीपस्तंभ होऊन आला होता, त्याला दारातून आडवा करून आत घ्यावा लागला. बाबा मनोऱ्यापाशी उभे राहिले आणि डाव्या मुठीने दोनदा टकटक केली. सभागृहातून अशी आरोळी उठली की मलाच क्षणभर वाटलं, हे खरे आहेत.

पहिला फोटो टाचणीचा. ती शेजारी उभी राहिली. मी देवाला म्हणतेय, बाबा नको, बाबा नको. आणि त्यांनी दोन बोटं तिच्या कानशिलाला लावलीच. हनुवटी जरा वर, डोकं सरळ. टाचणीने डोळे मिटले. फोटोवाला म्हणतोय डोळे उघडा, आणि ही उघडेना. उघडले तेव्हा ओले होते. माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली तो समोर उभा राहिल्यावर असंच होणार. मला तोंड लपवायला जागा मिळेना. इतका खरा आनंद आणि मी त्यात इतकं खोटं कालवलं.

मग तर प्रत्येकालाच ते डोकं सरळ करून देऊ लागले, आणि लोकांना ते इतकं आवडलं की ज्याचं व्हायचं राहिलं तो रांगेत परत येऊन मागायचा. काही जण हेल्मेटजवळ तोंड नेऊन काहीबाही बोलत होते. एक दाढीवाला तरुण तर बराच वेळ बोलला. मी म्हणत होते, "रखवालदार बोलत नाहीत, कृपया पुढे चला." त्याला उत्तर नकोच होतं बहुतेक.

टाचणीने दिवसभर माझा जीव खाल्ला. थोड्या वेळाने खुर्ची घेऊन आली. "रखवालदार कधी बसतो का?" मी तिला म्हटलं. ती म्हणाली, "आज बसेल." आणि खांद्याला धरून बसवलंसुद्धा. मग नळीची बाटली आणली, हेल्मेटच्या खालच्या फटीतून नळी आत सरकवली. "बिनसाखरेचं सरबत आहे," असं त्या काचेला सांगत होती. दुपारी तर 'रखवालदार विश्रांती घेत आहेत' अशी पाटी स्वतः रंगवून लावली आणि रांग अडवून धरली. भक्ती असावी तर अशी. मी सख्खी मुलगी असून मला पाण्याचं सुचलं नाही, आणि ती एका परक्या नटासाठी एवढं करतेय!

घरी आल्यावर बाबांचे पाय पाहिले. सुजून बुटाचे वळ उठलेत. कोमट पाण्यात पाय सोडून बसवलं तर बोलायला लागले, आपणहून. "त्या दाढीवाल्याच्या कानामागे भोवरा आहे. कापणाऱ्याने सांभाळायला हवं, नाहीतर केस उभेच राहतात. आणि तो सांगत होता ना, की त्याची..."

"बाबा, पडा आता. उद्या पुन्हा उभं राहायचंय."

ते पाय पुसून आडवे झाले. मला खरंच त्यांची काळजी वाटत होती. पण आता वाटतंय, किती महिन्यांनी ते एवढं लांब वाक्य बोलले असतील?

रविवार, २९ मार्च

आज सकाळी मी बाबांना म्हटलं, राहू दे, पाय सुजलेत, रखवालदारांना बरं नाही असं सांगते. मनात आशा होती की ते हो म्हणतील आणि ती पाच मिनिटं टळतील. म्हणजे काळजी पायांची नव्हती, कातडी माझीच वाचवायची होती. बाबांनी उत्तर म्हणून हातमोजे चढवले.

दुपारनंतर टाचणीची पाच मिनिटं आली. चटयांच्या खोलीचं दार तिने लावून घेतलं. मी बाहेर उभी. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते काय असतं ते आज कळलं. येणारा-जाणारा माझ्याकडे बघतोय असं वाटत होतं. पाच मिनिटं संपली, दहा झाली. खजिनदार येऊन घड्याळ दाखवून गेला. आतून तिचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मग रडण्याचा आवाज. मी कडीला हात लावला आणि काढला. मग एक जाडसर आवाज आला, एक-दोन वाक्यंच. मी स्वतःला समजावलं की बाहेरचं कुणीतरी बोललं असेल. मग चक्क हसणं!

ती बाहेर आली, डोळे सुजलेले. मला घट्ट मिठी मारली. "थँक यू गं," म्हणाली. "तू केलंस म्हणून हे झालं."

एवढ्या वर्षांची मैत्रीण, खोट्या माणसापुढे मन मोकळं करून आली आणि आभार माझे मानतेय. तिथेच सांगून टाकायला हवं होतं. मी काय बोलले, तर "समारोपाला माईक नीट चालतोय का बघ."

परतताना बाबांना विचारलं, "काय म्हणाली ती?"

"खुर्चीतलं बोलणं खुर्चीतच राहतं," बाबा म्हणाले. सलूनमधला त्यांचा जुना नियम.

"तुम्ही बोललात का काही?"

"हं."

या हंचा अर्थ हो होता की नुसता हं, ते मला ओळखता आलं नाही. माझ्या बापाचा हं मला ओळखता येत नाही.

सोमवार, ३० मार्च

दुकानात दोन चष्म्यांच्या काचा उलटसुलट बसवल्या. गिऱ्हाईक म्हणालं, जग तिरकं दिसतंय. मी म्हटलं, मलाही.

अभिनंदनाचे निरोप येतायत. आजवरचा सर्वांत चांगला मेळावा. सगळ्यांचं एकच मागणं, पुढच्या वर्षी रखवालदाराला परत आणा. टाचणीचा निरोप नाही. वार्तापत्राचा मजकूर ती मेळाव्याच्या दुसऱ्याच दिवशी पाठवते, तोही नाही.

तिने आत त्याला काय सांगितलं असेल? आईबद्दल असेल. जे माझ्याजवळ बोलता आलं नाही ते असेल. आणि ते तिने ज्याच्या हवाली केलं, तो तो नव्हताच. हे मी तिच्याकडून चोरलं. याला दुसरा शब्द नाही.

तिला सांगणार आहे. तोडलीच मैत्री तर तोडू दे.

गुरुवार, २ एप्रिल

सांगितलं.

ती पोहायला जाते तिथेच गाठलं, घरी गेले असते तर चहाच्या नादात पुन्हा विषय टाळला असता. पाण्याच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीत बसून राहिले. ती तलावाचं आडवं अंतर एका दमात कापत होती. इतकं छान पोहते, मला माहीतही नव्हतं. मला पाहून बाहेर आली, पंचा गुंडाळून शेजारी बसली.

"मला एक कबूल करायचंय," मी म्हटलं. "तो रखवालदार खरा नव्हता."

ती केस पुसत होती, पुसतच राहिली. "काकांच्या पायांची सूज उतरली का?" म्हणाली.

मी विचारलं, "तुला कधी कळलं?"

"पहिल्याच फोटोला. लहानपणी खुर्चीवर आडवी फळी टाकून बसवायचे गं मला, तुझ्या शेजारी. डोकं असंच सरळ करायचे. ती बोटं विसरेन होय मी?"

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? तू त्या म्हाताऱ्या माणसाला सकाळपासून कोरडं ठेवून उभं केलेलंस. मी म्हटलं, हिला हे हवंय तरी किती!"

"मला?" माझा आवाज त्या उंच छताखाली घुमला, पोहणाऱ्या बायकांनी वळून पाहिलं. "अगं, मी तुझ्यासाठी केलं!"

"माझ्यासाठी?"

मग तिने पंचात तोंड खुपसलं. मला वाटलं रडतेय. हसत होती, मग थोडी रडलीही.

"मला कंटाळा आलाय गं," ती पंचातूनच म्हणाली. "आई जायच्याही आधीपासून. तो दिवा, तो खडक, ते वार्तापत्र. दर वर्षी ठरवते, यंदा सांगायचं. जानेवारीत तेच सांगायला आले होते. पण तुझा चेहरा बघितला की धीर होत नाही. त्या खोलीत म्हटलं, काका, मी ओळखलंय तुम्हाला, आता तुम्हीच सांगा, हिला कसं सांगू?"

"मग बाबा काय म्हणाले?"

"ते नको विचारूस."

"बोलले ना ते? मी आवाज ऐकला."

तिने पंचाचं टोक पिळलं. "म्हणाले, एवढ्यात नको सांगूस. तिला दुसरं काही नाही."

वाक्य लागलं. खूप लागलं. मी हिच्याबद्दल अगदी हेच धरून चालले होते. ही इथे पाण्यात, नव्या मैत्रिणींत, नव्या दमात, आणि मी तिच्यावर दया करत फिरत होते.

ती माझ्याकडे बघत होती, आता आपण काय करून बसलो अशा नजरेने. विचार करायला फार वेळ नव्हता. मी म्हटलं, "बाबांना काय कळतंय? मलाही कंटाळा आलाय. किती वर्षं झाली. तुझ्यासाठीच तर रेटत होते."

"खरंच?"

"खरंच."

"माझी शपथ?"

"तुझी शपथ."

पूर्ण खोटं. शेवटच्या भागात दिवा विझतो तिथे मला अजूनही रडू येतं. पण टाचणीचा चेहरा असा उजळला! "ढब्बू, मूर्ख आहेस तू! मीही मूर्ख!" असं ओरडून तिने माझे हात धरले, शाळेत धरायची तसे. पुढच्या वर्षीपासून मेळावा बंद, असं आम्ही तिथल्या तिथे ठरवून टाकलं. मग तिने पंचा माझ्या मांडीवर टाकला आणि पळत जाऊन पाण्यात उडी मारली.

इतकी मोकळी झालेली मी तिला कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. ती वर्षं मी खाल्ली तिची. प्रेमाने खाल्ली, पण खाल्ली. तिने आजवर कितीदा बोलायचंय म्हणून तोंड उघडलं असेल आणि मी मध्येच खुर्च्यांचा हिशोब काढला असेल, ते आठवत बसलेय.

शुक्रवार, ३ एप्रिल

कालपासून बाबांशी धड बोलले नव्हते. राग आला होता. तिला दुसरं काही नाही म्हणे! नोकरी आहे, घर आहे, हे स्वतः आहेत, मग काही नाही कसं?

आज दुकानातून आले तर ते हेल्मेट मांडीवर घेऊन आतलं अस्तर ओल्या फडक्याने पुसत होते. मी म्हटलं, "टाचणीने सगळं सांगितलं. मी तिला म्हटलं, मलाही कंटाळा आलाय. आता मेळावा बंद."

"बंद?"

"कायमचा. तुमची सुटका झाली."

फडकं थांबलं. "हं," म्हणाले. मी चहा ठेवला, कपडे बदलले, येऊन बसले. तरी फडकं तिथेच होतं.

मग म्हणाले, "मला आवडलं होतं."

एवढंच. तक्रार नव्हती त्यात. पण माझा कालपासूनचा राग कुठल्या कुठे गेला. पाटी उतरवल्यापासून या माणसाच्या हाताखाली एक डोकं आलं नव्हतं. त्या दोन दिवसांत शेकडो आली. लोक रांग लावून आले, कानाशी बोलून गेले. त्याला दुसरं काही नाही, हे घरात मला दिसायला हवं होतं. मी त्याला तहानलेलं ठेवलं, सुजलेले पाय घेऊन गप्प बसवलं, आणि काल मैत्रिणीला खूश करताना त्याला न विचारता त्याचंही दार लावून आले. एकीचं देणं फेडायला गेले आणि दुसऱ्याचं डोक्यावर घेतलं.

मग मी विचारलं, "काय आवडलं, बाबा?"

आधी त्यांना वाटलं मी अशीच विचारतेय. मी खुर्ची ओढून जवळ बसले. मग सुरू झाले. कोण काय बोललं ते सांगत नाहीत, नियम म्हणजे नियम. फक्त डोकी सांगतायत. एक बाई होती, तिने स्वतःच स्वतःची बट कापली होती, वाकडी. एका माणसाची मान एका बाजूला कललेली, सरळ केली तर म्हणाला, कितीतरी दिवसांनी कुणी हात लावला. हे बोलणं झालं, हे सांगायला नको होतं, म्हणून मध्येच थांबले आणि हसले. बाबा हसले. मग पुढचं डोकं.

मला वाटलं हे सगळं टिपून ठेवावं, म्हणून मध्येच उठून वही घेतली. ते सांगतायत आणि मी मान खाली घालून लिहितेय. हे बरं नाही. ठेवते.